वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्या

तुमचे पत्र एका मालिकेविषयी आहे. वडिलांचा आजार आता बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला आणि तुमच्या भावाला सांगितले, वडिलांना मात्र कोणीच सांगितलेले नाही; आणि ते रोज रात्री पाहतात त्या मालिकेतले आजोबा सध्या अखेरच्या घटका मोजत असल्यामुळे ती बंद करावी का, असे तुम्ही विचारता. आईने रिमोट लपवल्याची हकिकत तुम्ही सविस्तर लिहिली आहे. तो प्रसंग पाहून वडील मात्र तुम्हाला म्हणाले, "मरणारा माणूस एवढं बोलतो का गं?" आणि त्यावर सगळे हसले, हे तुम्ही कंसात उरकले आहे.

हे वाचून मला राग आला. त्या घरात आजाराबद्दल कोणी सरळ विचारलेला तो एकमेव प्रश्न होता आणि तुम्ही तो हसण्यावारी नेलात.

त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. मालिकेतले आजोबा शेवटच्या श्वासापर्यंत पूर्ण वाक्यांत बोलतात, दुरावलेल्या मुलाला क्षमा करतात, इस्टेटीची वाटणी सांगतात आणि अखेरचा शब्द उच्चारताच मान टाकतात. सारे कुटुंबही पलंगाभोवती वेळेवर हजर असते, कारण पटकथेत तसे लिहिलेले असते. दीर्घ आजारातले शेवटचे दिवस प्रत्यक्षात बहुधा ग्लानीत जातात. गिळणे अवघड होते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, कधी घशात घरघर लागते, आणि बोलणे त्याआधीच एकेका शब्दावर आलेले असते. अखेरच्या क्षणी बोलू म्हणून थांबलात, तर ऐकणारे सगळे जमतील आणि बोलणारा झोपलेला असेल.

'शेवटपर्यंत सगळे उपाय करायचे' हा तुमच्या भावाचा हट्टही मला पडद्यावरूनच आलेला वाटतो. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन अमेरिकी कार्यक्रमांचे ९७ भाग तपासले होते. त्यांत बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याचे ६० प्रसंग होते आणि त्यांपैकी ७५ टक्के प्रसंगांत रुग्ण निदान त्या घटकेपुरता तरी वाचला होता. प्रत्यक्षात, त्यातही आजार इतका बळावल्यावर, हे प्रमाण फारच कमी असते. भावाला हे पटो वा न पटो. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे वडिलांना विचारायचे आहे.

तेव्हा मालिका चालू राहू द्या. आज रात्री तो प्रसंग आला की आवाज बंद करा आणि त्यांना म्हणा, "बाबा, तुम्ही परवा विचारलंत ना? नाही बोलत एवढं. तुम्हाला काय बोलायचं आहे?" त्यानंतर गप्प बसा, धीर देऊ नका, विषय बदलू नका. ते काहीच बोलले नाहीत, तर आवाज पुन्हा सुरू करा आणि उद्या पुन्हा विचारा. आईची परवानगी आधी मागू नका, कारण ती नकोच म्हणेल. ती उठून आत गेली तर जाऊ द्या, तुम्ही मात्र उठू नका.