वाचक विचारतात : कबरस्तानातली पहाट

ईस्टर जवळ आला की माझ्याकडे प्रश्न येतातच. शाळेत होते तेव्हा स्टाफरूममध्ये यायचे, आता या सदराकडे पत्रांनी येतात. यंदा चार पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच : मी भुसावळची, वडील रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर, आजी अमळनेरकडची, घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. एकतीस वर्षं मराठी शिकवली. मी पाळक (चर्चची धर्मगुरू) नाही. लहानपणापासून जे ऐकलं, वाचलं आणि पाळलं, त्याच्या आधाराने सांगते.

प्रश्न : नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला ठरलेला. मग ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये कसा? – एक शेतकरी वाचक, चोपडा

दादा, ईस्टर म्हणजे येशू मरणातून उठल्याचा सण, आणि तो चंद्रावर चालतो, हे तुम्हाला समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्चच्या अलीकडे येत नाही आणि २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाही. यंदा, म्हणजे २०२६ साली, चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, २ एप्रिलला गुरुवारी आहे. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे आणि ५ तारखेच्या रविवारी ईस्टर. आपल्या खानदेशातली माणसं सप्तशृंगीच्या गडाकडे ज्या चांदण्यात पायी चालतात, त्याच चांदण्यात आमचा पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, जातो. पौर्णिमाच रविवारी आली, तर ईस्टर एक आठवडा पुढे ढकलतात. गेल्या वर्षी तसंच झालं. चर्चच्या गणिताने पौर्णिमा १३ एप्रिलच्या रविवारी होती, म्हणून ईस्टर २० तारखेला झाला.

प्रत्येक वेळी चैत्राचीच पौर्णिमा असते असं नाही. २०२४ साली होळीच्या पौर्णिमेनंतर ३१ मार्चला ईस्टर होता. पुढच्या वर्षीही होळीपाठोपाठ २८ मार्चला येईल. यंदा अधिक ज्येष्ठ आहे ना, त्यामुळे पुढच्या वर्षी आपला चैत्र महिनाभर उशिरा येणार आणि २१ मार्चनंतरची पहिली पौर्णिमा फाल्गुनाची ठरणार.

आता पौर्णिमाच का? येशू यहुदी होता आणि त्याचा मृत्यू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत झाला. मिसर (इजिप्त) देशातल्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण म्हणजे हा सण. दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेली घरं मृत्यूने ओलांडली, ही त्याची कथा. वल्हांडण या शब्दात आपलं ‘ओलांडणं’च आहे. सण निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो. यहुदी महिना अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीपासून सुरू होतो, म्हणजे चौदावा दिवस पौर्णिमेचाच. तेही आपल्यासारखे अधिक महिना धरतात, एकोणीस वर्षांत सात वेळा.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत यावरून मोठा वाद होता. आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळ्या निसानच्या चौदाव्या दिवसालाच धरून बसायच्या, वार कुठलाही असो. रोमची मंडळी म्हणे, रविवारच पाहिजे. स्मिर्ना शहराचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प साधारण इ. स. १५५च्या सुमारास रोमला जाऊन तिथले बिशप अनिसेटस यांना भेटले. दोघांपैकी कोणीच आपली रीत सोडली नाही. तरी अनिसेटस यांनी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचा, मान पॉलिकार्पना दिला आणि दोघांनी शांतीने एकमेकांचा निरोप घेतला. मला ही गोष्ट फार आवडते. मतं जुळली नाहीत, पण पंगत मोडली नाही. पुढे ३२५ साली नायसियाच्या परिषदेत सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरलं. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या अजून जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतात, म्हणून त्यांचा ईस्टर यंदा १२ एप्रिलला आहे.

प्रश्न : शुक्रवारी मृत्यू आणि रविवारी पहाटे पुनरुत्थान, हे तर दीड दिवस झाले. मग ‘तिसऱ्या दिवशी’ का म्हणतात? – एक वाचक, जळगाव

आपल्याकडे कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. तेव्हा दिवस कसे मोजता? अग्नी दिला तो पहिला. यहुदी मोजणीही अशीच होती, अपुरा दिवससुद्धा पूर्ण धरायचा. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. त्यात त्यांचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून शनिवारी दिवस मावळला तेव्हाच तिसरा दिवस लागला होता.

प्रश्न : आमच्या शाळेत ईस्टरला अंडी रंगवायला लावली. अंडं आणि सशाचा येशूशी काय संबंध? मोबाइलवर एक मेसेज आला होता की ईस्टर म्हणजे इश्तार देवीचा सण. ते खरं आहे का? – इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, शिरपूर

बाळा, मेसेज चुकीचा आहे. इश्तार ही प्राचीन बाबिलोनची देवता. उच्चार जवळचा वाटतो, तेवढ्यावरून कुणीतरी नातं जोडून दिलं. ‘ईस्टर’ हे नाव इंग्रजीतलं. इंग्लंडमधले बीड नावाचे एक विद्वान संन्यासी होते. त्यांनी ७२५ साली लिहून ठेवलंय की त्यांच्या पूर्वजांच्या एका महिन्याचं नाव एओस्त्रे या देवीवरून होतं आणि पुढे त्याच महिन्यातल्या या सणाला ते नाव चिकटलं. त्या देवीचा एवढाच उल्लेख जुन्या लिखाणात सापडतो. आणि हे नाव चिकटण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून सण चालू होता. ग्रीक, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज भाषांत आजही त्याचं नाव पास्का या शब्दावरूनच आहे, आणि पास्का म्हणजे वल्हांडण. मराठीत आम्ही ‘पुनरुत्थानाचा सण’ म्हणतो. त्या नावात अर्थ स्वच्छ दिसतो.

अंड्याचं कारण स्वयंपाकघरातलं आहे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मधले रविवार त्यात मोजत नाहीत. भस्म बुधवारी कपाळाला राख लावून तो सुरू होतो, यंदा १८ फेब्रुवारीला झाला. जुन्या काळी युरोपात या दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. तुमच्या घरी श्रावण पाळत असतील तर हे सहज समजेल. पण कोंबडीला उपवास कुठला! ती अंडी देतच राहायची. घरात साठलेली अंडी मग ईस्टरला उकडायची, रंगवायची, वाटायची. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. बंद कवचातून पिल्लू बाहेर येतं तसा तो कबरेतून आला, असंही मुलांना सांगतात. सशाची गोष्ट जर्मन मुलखातली. तिकडे ससा मुलांसाठी अंडी आणून लपवतो असं सांगायचे, त्याची नोंद १६८२ सालची आहे. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, पुनरुत्थानाच्या कथेत ससाही नाही आणि अंडंही नाही.

अंडी रंगवायला माझी मुळीच हरकत नाही, मुलांना त्यात गंमत येते. पण ही सगळी चिन्हं बर्फाच्या देशातली आहेत. तिकडे या दिवसांत बर्फ वितळून पहिली फुलं येतात. आपल्याकडे तेव्हा रब्बी निघालेली असते, शेतं उघडी पडतात आणि भुसावळचं ऊन बाराच्या आत माणसाला घरात घालतं. तुमच्या बाईंना सांग, अंड्यांबरोबर पुढच्या उत्तरातली गोष्टही वर्गात सांगा.

प्रश्न : आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहतं. गेल्या ईस्टरला ती मंडळी पहाटे चारला फुलं घेऊन कबरस्तानात गेली आणि आल्यावर आम्हाला गोडाचं ताट दिलं. सणाच्या दिवशी असं का? आमच्या सासूबाई विचारतात, ही तुमची आखाजी (अक्षय्य तृतीया) का? आणि शुभेच्छा कशा द्यायच्या? – एक गृहिणी, यावल

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले होते. रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या शेजारच्या काकूंनाही हेच कोडं पडायचं. स्मशानातून आल्यावर माणूस आधी आंघोळ करतो, आणि ही माणसं तिथून गात परत येतात!

कारण सणाची सुरुवातच कबरेपाशी झाली. शुक्रवारी येशूला वधस्तंभावर मारलं, तेव्हा संध्याकाळ जवळ आली होती. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागणार, मग काही काम करता येणार नव्हतं. अरिमथाईचा योसेफ नावाच्या माणसाने घाईघाईने देह मागून घेतला, खडकात खोदलेल्या कबरेत ठेवला आणि तोंडावर धोंड लोटली. मृतदेहाला सुगंधी द्रव्यं लावायचं राहिलं होतं. बायका शनिवारभर थांबल्या आणि रविवारी अंधारातच ती द्रव्यं घेऊन निघाल्या. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कने लिहिलंय की वाटेत त्यांना एकच काळजी होती : कबरेवरची धोंड आपल्यासाठी कोण लोटेल? त्या चमत्कार बघायला निघाल्या नव्हत्या. आपल्या माणसाचं राहिलेलं शेवटचं करायला निघाल्या होत्या. जाऊन पाहतात तर धोंड बाजूला आणि कबर रिकामी.

योहानाच्या शुभवर्तमानात पुढचा प्रसंग आहे. मग्दालाची मरीया कबरेबाहेर रडत उभी असते. मागे कोणी उभं असल्याचं तिला दिसतं. तिला वाटतं, हा बागेचा माळीच. ती त्याला म्हणते, दादा, तू त्यांना नेलं असशील तर कुठे ठेवलंस सांग, मी घेऊन जाईन. तेव्हा तो फक्त तिचं नाव घेतो. ‘मरीये.’ आणि ती ओळखते. एकतीस वर्षं मी वर्गात हजेरी घेतली. मान खाली घालून बसलेलं पोर स्वतःचं नाव ऐकल्यावर कसं वर बघतं, ते मी रोज पाहिलंय. हा भाग वाचताना मला दर वेळी तेच आठवतं. तिने जाऊन शिष्यांना सांगितलं. त्या काळी बाईच्या साक्षीला फार किंमत नव्हती, आणि लूकने लिहिलंय की शिष्यांना बायकांचं बोलणं आधी खरंच वाटलं नाही. तरी ही बातमी पहिल्यांदा बायकांच्याच तोंडून जगाला कळली, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ते लपवलं नाही.

म्हणून आम्ही त्याच वेळेला, तशाच जागी जातो. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना करण्याची रीत १७३२ साली जर्मनीतल्या हर्नहूट गावात मोरेव्हियन पंथाच्या तरुणांनी सुरू केली. तिथून ती मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली.

आमच्या घरी तयारी शनिवारपासून असायची. वडील बादलीत चुना कालवायचे, आम्ही मुलं कबरींभोवतीचं वाळलेलं कुसळी गवत उपटायचो. बोटांत कुसळं शिरायची. पहाटे पेट्रोमॅक्सच्या उजेडात टाळ-ढोलकीवर भजनं म्हणत सगळी मंडळी निघायची. कडुनिंबाला मोहोर आलेला असायचा, अंधारात त्याचा वास आधी यायचा आणि मग फाटक दिसायचं.

मी नऊ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ तापाने गेला. चार वर्षांचा होता. त्याच्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला आई कबरस्तानात आली, पण तिला गाता येईना. ओल्या चुन्यावर तळवा टेकून ती नुसती बसून राहिली. चुन्याने तिचा हात पांढरा झाला होता. सगळे गात होते. आजी तिच्याशेजारी जमिनीवर बसली, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “उजाडनं देख, माय.” मग पाळकांनी मोठ्याने म्हटलं, “ख्रिस्त उठला आहे!” आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, “खरोखर उठला आहे!” तिसऱ्या वेळेला आईचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ओठ हललेले मी पाहिले. ईस्टर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सासूबाईंना सांगा, आखाजीशी थोडं साम्य जरूर आहे. गेलेल्यांची आठवण असते, सासुरवाशिणी माहेरी येतात, गोडधोड होतं. आमच्याकडे खापरावरचे मांडे व्हायचे. फरक असा की तुम्ही पितरांसाठी घागर भरता, त्यांना नैवेद्य दाखवता; आम्ही गेलेल्यांना काही अर्पण करत नाही. ती देवाजवळ आहेत आणि एक दिवस उठवली जातील, असा आमचा विश्वास आहे. बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या पौलाने ख्रिस्ताला मेलेल्यांतलं ‘प्रथमफळ’ म्हटलंय. तुमच्या यावलच्या भाषेत सांगायचं तर केळीच्या बागेतला पहिला घड उतरला, की उरलेली बाग येणार हे शेतकऱ्याला कळतं. केळ कापल्यावर बुंध्यातून पील येतं, तसंच का हे, असं मला एकाने विचारलं होतं. नाही. पील हे नवं झाड. आम्ही मानतो की तोच येशू उठला, हातावर खिळ्यांचे वण असलेला.

शुभेच्छांचं म्हणाल तर एक विनंती आहे. गुड फ्रायडेला ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा मेसेज पाठवू नका. माणसं प्रेमानेच पाठवतात, हे मला ठाऊक आहे, पण तो आमच्याकडे मृत्यूचा दिवस. पुष्कळ मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना असते, कित्येकजण उपाशी असतात. त्या दिवशी शेजारणीला नुसतं ‘जाऊन आलात का?’ एवढं विचारलंत तरी पुरे. रविवारी मात्र मोकळ्या मनाने ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ म्हणा. ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणालात, तर ती चकित होईल आणि लगेच उत्तर देईल.

आणि पहाटे त्यांच्याबरोबर जावंसं वाटलं, तर आदल्या दिवशी शेजारणीला सांगून ठेवा. कोणी अडवणार नाही. ओंजळभर मोगरा घ्या आणि पिशवीत काडेपेटी असू द्या. पहाटेच्या वाऱ्याने मेणबत्त्या सारख्या विझतात, आणि काडेपेटी आणायला दर वर्षी सगळेच विसरतात.