टीव्हीवर टेक रिपोर्टर व्हायचंय, जमेल का?

प्रश्न : मी आयटीत काम करते, गॅजेट्स आणि एआयबद्दल सतत वाचत असते. टीव्ही किंवा रेडिओवर टेक्नॉलॉजी रिपोर्टर व्हायचंय पण जर्नालिझमची डिग्री नाहीये. जमेल का?

उत्तर : जमेल, नक्की जमेल, पण आधी रिपोर्टर व्हावं लागेल, टेक त्यानंतर. बीबीसीचे माजी पत्रकार रोरी केथलन-जोन्स बघा, १९८१ मध्ये तिथे रिसर्चर म्हणून लागले, मग वर्षानुवर्षं बिझनेसच्या बातम्या केल्या आणि २००७ मध्ये टेक्नॉलॉजी करस्पॉन्डंट झाले, त्याच वर्षी जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून पहिल्या आयफोनचं लाँचही कव्हर केलं.

टीव्हीची खरी अडचण म्हणजे दृश्यं. डेटा चोरीला गेला हे दाखवणार कसं? तेच ते कीबोर्डवर टाइप करणारे हात दाखवून कंटाळा येतो हो, त्यापेक्षा ज्याच्या खात्यातून पैसे गेले तो माणूस शोधा, त्याला बोलतं करा आणि हे सगळं दीड-दोन मिनिटांत बसवा, तिथेच खरा कस लागतो. रेडिओवर तर चित्रच नाही, सगळं आवाजावर.

आणि कंपन्या रिव्ह्यूला फोन देतात, लाँचला बोलावतात, बातमीची वेळही तेच ठरवतात, पण प्रेस रिलीज वाचून दाखवणं म्हणजे रिपोर्टिंग नाही हे मला अगदी मनापासून सांगायचंय. तुम्हाला आतलं काम माहितीये, कंपनीचा दावा खरा की फुगवलेला हे पटकन कळेल, हीच तुमची मोठी ताकद. आजपासून रोज एक बातमी दीडशे शब्दांत लिहून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि टेकमधलं काहीच न कळणाऱ्या माणसाला ऐकवा.