फ्रंट व्हील ड्राइव्ह एर्टिगा सात माणसं घेऊन घाट चढेल का, की जुनी इनोव्हा क्रिस्टा घ्यावी?

चढेल. तुमचा टुरिस्ट गाडीवाला म्हणतो की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी भरली की घाटात दम सोडते. त्याचं असं मत का झालं ते कळतं. सुमो, ट्रॅक्स, क्वालिस, टवेरा, इनोव्हा, माणसं भरभरून वाहणाऱ्या सगळ्या गाड्या मागच्या चाकांवर चालायच्या. पुढच्या चाकांवर चालणारी म्हणजे मारुती ८००, एसी बंद करून खंबाटकी चढणारी. पण तो दोष ७९६ सीसीच्या इंजिनाचा होता. ओम्नीतही ७९६ सीसीचंच इंजिन होतं आणि ती मागच्या चाकांवर चालायची. भरलेली ओम्नी घाटात कधी पळताना पाहिलीत?

दम इंजिनाचा, पकड चाकांची. पकडीचा हिशेब ढोबळ आकड्यांत करून बघा. गाडी, सात माणसं आणि बॅगा मिळून १७०० किलो धरू. चढ आठास एक, म्हणजे चांगलाच खडा. मोठ्या घाटरस्त्यांचा सहसा यापेक्षा कमीच असतो. एवढा चढ चढायला साधारण २१० किलोचा जोर लागतो. मागची रांग भरलेली आणि त्यात चढ, म्हणून पुढच्या चाकांवर ४५ टक्केच वजन उरलं असं समजू, ७६५ किलो. ओल्या डांबरावर त्याच्या निम्मा जोर लागू होतो, ३८० किलो. म्हणजे भर पावसातही कुंभार्ली घाटात काळजी नाही.

आता गावातली शेवटची पाखाडी, म्हणजे चढाची अरुंद वाट, किंवा लाल मातीचा चढ घ्या. निसरड्या चिखलात पकड पाचव्या हिश्श्यावर येते. पुढच्या चाकांना मिळतात १५० किलो, मागच्यांना १८५ च्या आसपास. हवे होते २१०, म्हणजे अडकायच्या दोन्ही, क्रिस्टा जरा वर जाऊन अडकेल इतकंच. शिवाय रिकामी असली की मागच्या चाकांची गाडी चिखलात जास्त घसरते, म्हणून तर पिकअपवाले पोरांना हौद्यात उभं करतात. असा रस्ता रोजचा असेल तर फोर व्हील ड्राइव्ह बघा, नाहीतर चांगले टायर घाला.

क्रिस्टाचा खरा फायदा डिझेल इंजिनात आहे. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ३४३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, एर्टिगाचा पेट्रोलवर सुमारे १३७. सात जणांसह ओव्हरटेक करताना हा फरक पायाला कळतो. एर्टिगात गिअर खाली घ्यावा लागेल, इंजिन ओरडेल, त्याला घाबरायचं नाही. आणि इनोव्हा म्हटलं की मागची चाकं हे समीकरणही आता राहिलं नाही. २०२२ च्या शेवटी आलेली हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते. मागची चाकं फिरवणारा लांब दांडा (शाफ्ट) गाडीखालून न्यायचा नसला की आतली जमीन खाली आणि सपाट ठेवता येते. तिसऱ्या रांगेत आजी-आजोबा बसणार असतील तर मला हे पकडीपेक्षा मोठं वाटतं.

पुढची चाकं ओढतात आणि वळतातही, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. दर दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करून घ्या. दोनच नवे घेतले तर दुकानदार ते पुढे टाकू बघेल. मागेच टाकायला सांगा, ओल्या वळणावर मागची बाजू फिरली तर सावरणं अवघड जातं. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आवाज आला तर पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या (ड्राइव्ह शाफ्ट) सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलंय का बघायचं.

एक मात्र विचारून ठेवतो, सीएनजी घेणार आहात का? टाकी डिकीत येते, वजन आणखी मागे जातं, ताकद घटते, आणि सात जणांच्या बॅगा छतावर चढवाव्या लागतात. तुमच्या वापराला साधी पेट्रोलच घ्या.