वाचकांचे प्रश्न : वास्कोत राहायला जावे का?

प्रश्न : माझी बदली मडगावहून वास्कोला झाली आहे. मुलगा आठ वर्षांचा असून त्याला बालदमा आहे. वास्कोत कोळशाची भुकटी उडते असे सगळेच सांगतात. तिथे भाड्याने घर घ्यावे की मडगावहून ये-जा करावी? – एक वाचक, मडगाव

उत्तर : लोक सांगतात ते खरे आहे, पण साऱ्या वास्कोला ते सारखे लागू नाही. वास्कोतल्या मुरगाव बंदराचे धक्के डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत. कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांचा कोळसा तिथे उतरतो, ढिगाऱ्यात पडून राहतो आणि मालगाडीच्या वाघिणींतून घाटावर जातो. या तिन्ही टप्प्यांवर भुकटी सुटते. ती कोणाच्या घरात जाईल ते वारा ठरवतो. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे वाहतात आणि धक्क्यांच्या आग्नेयेचा भाग, म्हणजे खारीवाडा, स्वतंत्र पथ, रेल्वे स्थानकाचा परिसर, त्यांच्या वाटेत येतो. पावसाळ्यात माल भिजलेला असतो, हवा धुतलेली असते. जुलैत घर बघून पसंत केलेत तर मार्चमध्ये फसगत होईल.

घर पाहायला जाल तेव्हा खिडकीची बाहेरची पट्टी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. रस्त्याची धूळ करडी-तांबूस निघते. कोळशाची काळी असते आणि बोटावर चोळली की पसरते. घरमालकाने परवानगी दिली तर एक पांढरी टाइल धुऊन गच्चीवर चोवीस तास ठेवा. एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नका. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बरीचशी नाकात अडते. दम्याच्या मुलाला जास्त त्रास देणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि ते फडक्यावर दिसत नाहीत. त्यासाठी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वास्कोतल्या नोंदी पाहा. दर घनमीटर हवेत दहा मायक्रॉनपर्यंतचे कण चोवीस तासांच्या सरासरीने 100 मायक्रोग्रॅमच्या आत आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे 60 च्या आत असावेत, अशी राष्ट्रीय मर्यादा आहे. वर्षाची सरासरी बघून गप्प बसू नका. पावसाळ्याचे चार महिने ती खाली ओढतात. मार्च-एप्रिलचे आकडे वेगळे काढा.

मुलाचे मोजमापही घ्या. पीक फ्लो मीटर हे फुंकलेला श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारे साधे, स्वस्त यंत्र आहे. आठ वर्षांचे मूल त्यात नीट फुंकू शकते. मडगावात दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंका घेऊन सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. वास्कोत गेल्यावर पुन्हा तेच करा. त्याच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली वारंवार येऊ लागले, तर बालरोगतज्ज्ञांना ती वही दाखवा. दम्याच्या औषधाचा पंप मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आमचे मत स्पष्ट आहे : बंदरालगत घर नको. चिखली किंवा दाबोळीला घ्या, तेही अकरा महिन्यांच्या करारावर आणि त्यात मार्च ते मे नक्की येतील असे बघून. चिखलीला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, रात्री-अपरात्री ते जवळ पडते. फक्त रुळाला लागून असलेले घर टाळा. कोळशाच्या वाघिणी दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा करत मडगाववरूनच पुढे जातात, त्यामुळे रुळालगतच्या घराला हा त्रास मडगावातही आहे. आणखी एक : आतल्या भिंतींना ओल असेल तर घर धुळीपासून कितीही लांब असले तरी सोडा. बुरशीनेही दमा उसळतो.

प्रश्न : बायण्यात किनाऱ्याजवळ 28 वर्षे जुन्या इमारतीत फ्लॅट मिळतो आहे. नुकताच रंग दिला आहे. काय तपासावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी रंग विसरा. विकायच्या वेळी दिलेला नवा रंग असेल तर जास्त बारकाईने बघावे लागते.

समुद्रकाठच्या इमारतीचा खरा शत्रू खारवलेली हवा. हवेतले क्लोराईड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरते, सळईपर्यंत पोचते आणि सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून सळईच्या रेषेत चीर पडते आणि मग वरचा थर सुटून खाली येतो. भारतीय मानक 456 प्रमाणे किनाऱ्याच्या हवेतल्या कामाला किमान एम-30 दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण लागते. हे मानक 2000 साली सुधारले गेले. तुमची इमारत त्याआधीची आहे, तेव्हा आवरण कमी असण्याची शक्यता धरूनच पाहणी करा.

पाहणी तळमजल्यापासून सुरू करा. पार्किंगमधले खांब, जिन्याखालची बाजू, बाल्कनी आणि छज्जे यांचा खालचा भाग, गच्चीवरच्या टाकीचे खांब, न्हाणीघराखालचा स्लॅब. लहान हातोडीने हलके ठोका. ठणठणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर थर सुटलेला आहे. सळईच्या दिशेने गेलेली सरळ चीर आणि तिच्या कडेचा तांबूस डाग ही सर्वांत वाईट खूण. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक भेगा तितक्या काळजीच्या नाहीत.

दुरुस्ती झाली आहे असे सांगितले तर कशी झाली ते विचारा. योग्य पद्धत अशी : सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचे, गंज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने पूर्ण काढायचा, झिजलेल्या सळईला नवी जोड द्यायची, गंजरोधक लेप लावायचा आणि पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरायचे. नुसते सिमेंट लिंपले असेल तर क्लोराईड आतच राहते आणि थोड्याच पावसाळ्यांत त्याच जागी पुन्हा फुगते. दोन-तीन खांबांवर अशी ठिगळे दिसली तर संरचना अभियंत्याकडून क्लोराईडच्या चाचणीसह तपासणी करून घेतल्याशिवाय विसार देऊ नका. तपासणीचा खर्च सोसायटी करत नसेल तर तुम्ही करा. फ्लॅटच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. सोसायटी नोंदलेलीच नसेल तर मात्र जपून. खांब सामायिक असतात आणि दुरुस्तीला सगळ्यांकडून पैसे गोळा करणारे कोणी नसते.

कागदपत्रांत नगर भूमापनाचा फॉर्म डी मागा. शहरी भागात जमीन चलता क्रमांक आणि पी. टी. शीट क्रमांकाने ओळखली जाते. चिखली, दाबोळीसारख्या पंचायत भागात एक-चौदाचा उतारा लागेल, त्यात कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांचे रकाने वाचा. शिवाय बिगरशेती वापराची सनद, मुरगाव नगरपालिकेचा भोगवटा दाखला, घरपट्टीची पावती आणि उपनिबंधकांकडचा बोजा नसल्याचा दाखला. भोगवटा दाखला नसेल तर पुढे बोलणी करू नका.

घर घेतलेच तर खिडक्यांचे गज 304 ऐवजी 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे करा. 304 वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात. एसीचे बाहेरचे युनिट महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा.

प्रश्न : दाबोळीत विमानांचा आवाज सोसवेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : प्रवासी विमानांची सवय होते. नौदलाच्या लढाऊ विमानांची होणे कठीण, कारण दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ आहे. रविवारी घर पाहू नका. कामाच्या दिवशी सकाळी दोन-तीन तास तिथे थांबा, मग रात्री दहानंतर पुन्हा जा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. मोबाइलवरचे मापक अचूक नसते, पण दोन घरांची तुलना करायला चालते. घरात तान्हे मूल किंवा रात्रपाळी करणारे कोणी असेल तर धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या रेषेतले घर घेऊ नका.

प्रश्न : निवृत्तीनंतर पणजीहून वास्कोला मुलीजवळ राहायला जाणार आहोत. इंधनाच्या टाक्या आणि अमोनियाचे टँकर यांची भीती वाटते. – एक वाचक, पणजी

उत्तर : भीती बाळगण्यासारखी गोष्ट आहे, आणि तयारी ठेवली तर तिच्यासकट राहता येते. जानेवारी 2018 मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटून वायू पसरला आणि रहिवाशांना घरे सोडावी लागली होती. तीव्र वास आला आणि वायूचा ढग बाहेर असेल तर दारे-खिडक्या, पंखे, एसी बंद करून आतच थांबा, फटींना ओले टॉवेल लावा. रस्त्यावर असाल तर वाऱ्याला आडवे चाला. वाऱ्याच्या दिशेने पळालात तर ढग तुमच्या मागेच येतो. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाका-तोंडावर ओला रुमाल धरा. पेट्रोलजन्य वाफ हवेपेक्षा जड असते, ती सखल भागात आणि गटारांत साचते. तिच्यापासून दूर जाताना चढावर जा, आणि गाडी, दिवा, गॅस काहीही सुरू करू नका. मदतीला 112, अग्निशमनासाठी 101, रुग्णवाहिकेला 108.

बाकी निवृत्त माणसाला वास्को सोयीचे आहे. बाजार, बँका, बसस्थानक पायी अंतरावर. पणजी आणि मडगाव प्रत्येकी सुमारे 30 किलोमीटर. कदंब परिवहनच्या शटल गाड्या आहेत आणि झुवारीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी पूर्वीसारखी राहिली नाही, त्यामुळे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला जाणे जमते. नाटक-भजनाची आवड असेल तर बायण्याला रवींद्र भवन आहे. श्रावणात दामोदर भजनी सप्ताहाच्या दिवसांत मात्र शहरात गाडी घालू नका, आणि त्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ आधीच पुढे-मागे करून घ्या. ताजी मासळी जून-जुलैत बंदीमुळे कमी मिळते. भाड्याचे घर घेत असाल तर घरमालकाने भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे ना, हे विचारून त्या अर्जाची प्रत जवळ ठेवा.