वाचक विचारतात : ओकुमे फेसचा प्लाय, कोड कुठला टाकायचा?

या वेळी प्लाय आणि बोर्डाच्या कस्टम कोडवर (आयातीच्या कागदावर टाकायचा मालाचा आकडा, ड्युटी त्यावरनं ठरते) तीन पत्रं आलीत, तिन्ही आपल्याच भागातली, एक निपाणी, एक खानापूर आणि एक बेळगावात उद्यमबागच्या बाजूचं. निपाणीचं सविस्तर घेतो कारण त्यात गफलती जास्त आहेत, बाकी दोन पटकन उरकतो.

प्रश्न (निपाणी) : सर नमस्कार. आमचं प्लाय आणि फर्निचरचं दुकान हाय, इतके दिवस मंगळूर आणि केरळचा माल विकत होतो, आता पहिल्यांदाच व्हिएतनामहून एक कंटेनर मागवालोय. १८ एमएम, आठ बाय चार, एका बाजूला ओकुमे लाकडाचा फेस (बाहेरचा पातळ थर), दुसऱ्या बाजूला आणि आत सगळी निलगिरी. सप्लायरनं बिलावर ४४१२ ३३ टाकलंय, आमचा सीएचए (कस्टममधनं माल सोडवणारा एजंट) म्हणतोय ४४१२ ३४ टाकू, आणि कोल्हापूरचे एक पाव्हणे म्हणालेत की १८ एमएम म्हणजे ६ एमएमच्या वरचा, तो ह्या लायनीत येतच नाही, ९९ मध्ये जातो. ड्युटी म्हणे सगळीकडं सारखीच, मग एवढा घोळ कशाला ओ? कुठलातरी एक टाकून मोकळं व्हावं का?

उत्तर : ड्युटी सारखी हे खरं, पण असं मोकळं होऊ नका. आणि तिघांचंही चुकलंय, तुमचा माल ४४१२ ३१ मध्ये बसतो.

आधी पाव्हण्यांचं बघू. ६ एमएमची अट आहे ती एकेका थराची, अख्ख्या बोर्डाची नव्हे. ही चूक चांगले जुने व्यापारीसुद्धा करतात. सॅम्पलचा तुकडा आला असेल ना तुमच्याकडं, त्याची कड पटाशीनं तासून घ्या, ओल्या फडक्यानं पुसा, थर लगेच सुटे दिसायला लागतील, एकाचे रेषे उभे, दुसऱ्याचे आडवे. १८ एमएमला साधारण ११ नाहीतर १३ भरतील, म्हणजे एकेक थर दीड एमएमच्या आसपास, आणि वरचा ओकुमे तर कागदासारखा, कोपऱ्यात नखानं उचकटेल. सगळे थर लाकडाचे आणि प्रत्येक ६ च्या आत, झालं, प्लायवूडचीच लाईन, बोर्ड ६ चा असो नाहीतर २५ चा.

आता ३१, ३३, ३४ की ३९, हे फक्त बाहेरच्या दोन थरांवरनं ठरतं, आतल्या लाकडाला इथं कोण विचारत नाही. आणि वाचायचं वरनं खाली. दोन्हीपैकी एक जरी बाजू उष्ण कटिबंधातल्या लाकडाची असली, म्हणजे ओकुमे, मेरांती, सापेली, आपल्याकडचा गर्जन फेस, की ३१. तसं नसेल तर नावं दिलेल्या झाडांची एक यादी आहे, तिच्यात बर्च, ओक, बीच, पॉप्लर, अक्रोड आणि आपली निलगिरी पण आहे, त्यातलं एका बाजूला असेल तर ३३. रुंद पानाचं झाड आहे पण यादीत नाही, तर ३४. दोन्ही बाजूला पाईन वगैरे सूचीपर्णी, तर ३९. सप्लायरनं निलगिरी बघितली आणि ३३ लिहिलं, पण ओकुमेनं तुमचा माल वरच्याच पायरीवर थांबतो. सीएचएनं ३४ कुठनं काढला देव जाणे, बहुतेक मागच्या एखाद्या पार्टीच्या बिल ऑफ एन्ट्रीवरनं (कस्टमला भरून द्यायचा आयातीचा कागद) उचलला असणार.

३१ च्या पुढं आणखी दोन आकडे लागतात, तिथं डेकोरेटिव्ह वेगळा, मरीन आणि विमानाचा वेगळा, आणि गंमत म्हणजे चहाच्या पेट्यांच्या फळ्यांना अजून स्वतंत्र लाईन आहे, पेट्या जाऊन पोती आली तरी. तुमचा साधा माल, ४४१२ ३१ ९०.

पैशाचं आता. कस्टमच्या हिशेबानं मालाची किंमत १०,००,००० धरा. १० टक्के बेसिक म्हणजे १,००,०००, त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज १०,०००, मग ११,१०,००० वर १८ टक्के आयजीएसटी १,९९,८००. एकूण ३,०९,८००. आयजीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे अंगावर पडतात ते १,१०,०००.

कोडचा खरा त्रास सुरू होतो सवलतीच्या वेळी. व्हिएतनामचा माल आहे, तर तुम्ही १ जानेवारी २०१० पासूनच्या आसियान कराराची सवलत मागणारच, त्याला फॉर्म एआय (माल त्या देशात बनल्याचं सर्टिफिकेट) लागतो, त्यावर सप्लायर ३३ लिहून पाठवणार आणि तुमच्या बिल ऑफ एन्ट्रीवर ३१, लगेच क्वेरी, आणि क्वेरी सुटेपर्यंत कंटेनर बंदरात डिमरेज (पडून राहिल्याचं भाडं) खात पडून. दुसरं, ओकुमे हे झाड व्हिएतनामचं नाहीच, ते आफ्रिकेतलं, गॅबॉनकडचं. व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) तिथनं आलेलं, दाबून बोर्ड केला व्हिएतनामात. करारात बसायला बाहेरनं आणलेल्या कच्च्या मालाचा कोड तयार मालात बदलावा लागतो (व्हेनिअर ४४०८, प्लाय ४४१२, तो बदलतो) आणि शिवाय ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांतलं असावं लागतं. २१ सप्टेंबर २०२० पासून ही माहिती इम्पोर्टरनं स्वतःकडं ठेवायची आहे, नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. तेव्हा सप्लायरकडनं आत्ताच लिहून घ्या, दोन्ही फेसच्या झाडाचं शास्त्रीय नाव, थर किती, व्हेनिअर कुठनं आणलं. ‘हार्डवुड प्लायवूड’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊच नका.

आणि असेसमेंट, म्हणजे ड्युटी किती ते ठरवणं, आता तुम्ही स्वतः करता, सही तुमची. माल सुटला, विकला, पैसे फिरले, तरी दोन वर्षांच्या आत कमी भरलेल्या ड्युटीची नोटीस येऊ शकते, मुद्दाम लपवलं म्हटलं तर पाच वर्षं, वर व्याज आणि दंड. सीएचए तेव्हा फोन उचलेलच असं नाही.

वर्षाला चार-पाच कंटेनर आणायचा विचार असेल तर अ‍ॅडव्हान्स रुलिंग (कोड कुठला ते आधीच लेखी ठरवून घेणं) घेऊन टाका, मुंबईला अथॉरिटी आहे, फी १०,००० रुपये. आणि ऑर्डर द्यायच्या आधी त्या कारखान्याकडं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) लायसन्स आहे का तेवढं विचारा, साध्या प्लायला आयएस ३०३, मरीनला आयएस ७१०. ते नसेल तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही.

प्रश्न (खानापूर) : एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) सागवानाचं व्हेनिअर मारलेला बोर्ड एमडीएफमध्येच धरायचा ना? आणि ब्लॉकबोर्डाला (आत लाकडाच्या पट्ट्या असलेला) जुन्या बिलावर ४४१२ ९४ आहे, तोच चालतोय का?

उत्तर : दोन्हीला नाही. खरं लाकडी व्हेनिअर चिकटवलं की तो ४४१२ कडं येतो, सागवान असल्यामुळं ४४१२ ९१. तेच सागवानाच्या डिझाईनचा छापील कागद किंवा मायका असेल तर एमडीएफच, ४४११, जाडीप्रमाणं, ५ एमएमपर्यंत १२, ५ ते ९ ला १३, त्याच्या वर १४. ओळखायला कडेला पॉलिश पेपर घासा, कागद असेल तर चित्र पुसून जातंय. ब्लॉकबोर्डाचा ९४ हा १ जानेवारी २०२२ ला गेला, आता फेस बघून ५१, ५२ किंवा ५९.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : साईजमध्ये कापून, बिजागरीची भोकं पाडून आलेला प्लाय फर्निचर होतो का? आमच्याकडं दोघं दोन तऱ्हेनं बोलालेत.

उत्तर : नुसत्या कापण्यानं नि भोकांनी नाही होत, चॅप्टर ४४ च्या टिपेतच तशी सूट आहे, जोवर तो तुकडा दुसरीच वस्तू म्हणून ओळखला जात नाही तोवर प्लायच. पण एका कपाटाचे सगळे पार्ट, बिजागऱ्या, स्क्रू आणि जोडायचा कागद एकाच खोक्यात आला तर ते न जोडलेलं कपाट, ९४०३, आणि फर्निचरची ड्युटी प्लायपेक्षा बरीच चढी आहे. नव्हाशेव्याला क्लीअरिंगच्या कामात होतो तेव्हा एका पार्टीनं ‘कट प्लाय पीसेस’ लिहून असाच माल आणला होता, तपासणीत खोकं फोडलं तर वरच कपाटाचा रंगीत फोटो चिकटवलेला.