6063 ग्रेडच्या ॲल्युमिनियम पाईपला लेसर वेल्डिंग केल्यावर मधोमध तडा जातो, काय करू?

भाऊ, धुळ्यात 1500 वॅटचं हॅन्डहेल्ड मशीन घेतलंय आणि वायर (सांध्यात वितळवून भरायची तार) न लावता 6063 चा पाईप जोडताय ना, मग मशीनला शिव्या देऊ नका. मी जळगाव एमआयडीसीत पंधरा दिवस तेच केलं, पॉवर वाढव, स्पीड वाढव, गॅसची बाटली बदल, तडा आपला जिथल्या तिथे.

घोळ धातूत आहे. 6063 मध्ये सिलिकॉन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं आणि नेमकं एवढ्यालाच ॲल्युमिनियम जास्त तडकतं. हे साधारण 655 डिग्रीला गोठायला लागतं आणि 615 च्या आसपास पूर्ण गोठतं, मधल्या वेळात दाणे घट्ट झालेले आणि त्यांच्यामध्ये पातळ रसाचा पापुद्रा, त्यात गोठताना धातू सहा टक्क्यांच्या आसपास आकसतो, दोन्ही बाजू ओढतात, पापुद्रा फाटतो आणि ती फट भरायला रसच उरलेला नसतो. मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात तसंच, फक्त इथं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

म्हणून वायर लावाच. 4043 नंबरच्या वायरमध्ये 5 टक्के सिलिकॉन असतं, शेवटपर्यंत रस राहतो आणि फट भरून निघते. पण गिऱ्हाईक नंतर ॲनोडायझिंग (विजेने वर ऑक्साइडचा थर चढवणं) करणार असेल तर 4043 चा सांधा काळपट पडतो, तिथं 5356 नंबरची वायर घ्या (हे मला माल परत आल्यावर कळलं). वायर मऊ असते, ती पुढे ढकलणाऱ्या फीडरला यू खाचेचा रोलर आणि टेफ्लॉन लायनर (वायर सरकायची आतली नळी) नसेल तर गुंता होतो.

मग स्पीड. जास्त पळवलं की रसाचं डबकं शेपटीसारखं लांबट होतं आणि मधोमध रेघ सुटते, म्हणून जरा हळू घ्या आणि वॉबल (किरण इकडेतिकडे हलवायची सेटिंग) ठेवा. क्लॅम्प दोन्हीकडून करकचून आवळू नका, एक बाजू सरकू द्या. टोकाला ट्रिगर एकदम सोडला की शेवटी उरलेल्या खड्ड्यात चांदणीसारखा तडा पडतो, मशीनमध्ये पॉवर हळूहळू उतरवायची सेटिंग असते ती लावा.

तपासायला डाय पेनेट्रंटचे (बारीक तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाचे) स्प्रे आणा. लाल मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा मारा. लाल रेघ उमटली तर ग्राइंडरने मुळापासून काढा, वरून परत लेसर फिरवू नका भो, खालचा तडा तसाच राहतो.