वाचकांचे प्रश्न : बर्टनचे पाणी आणि हिंदुस्थानची बीअर

प्रश्न : समुद्रप्रवासात नासू नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी 'इंडिया पेल एल' ही खास बीअर शोधून काढली, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? बास या ब्रुअरीचा, म्हणजे बीअर बनवण्याच्या कारखान्याचा, तिच्याशी काय संबंध?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : शोध लावला असे म्हणण्यास आधार नाही. हॉप्स या वेलीची कडू फुले अधिक घातली की बीअर जास्त टिकते, हे इंग्लंडमधील कारागिरांना आधीपासून ठाऊक होते आणि अठराव्या शतकातच फिकट एल व काळी पोर्टर या दोन्ही बीअर हिंदुस्थानात येत होत्या. या व्यापारात लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांची ब्रुअरी पुढे गेली, ती गुप्त कृतीमुळे नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी तिला जवळ होती आणि हॉजसन कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल देत असत. उधारीचे हे महत्त्व व्यापारी पेठेतील वाचकांना वेगळे सांगायला नको.

पुढे हॉजसनांनी उधारी आवळली आणि कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठवण्यास सुरुवात केली, तेव्हा कंपनीच्या एका संचालकाने इंग्लंडमधीलच बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातील बीअर उत्पादक सॅम्युएल ऑल्सॉप यांना तशीच बीअर करून पाहण्यास सुचवले. हा काळ 1822 च्या सुमाराचा. रशियाने जकात वाढवल्याने बर्टनची तिकडील बाजारपेठ बुडाली होती, त्यामुळे त्यांनाही नवे गिऱ्हाईक हवेच होते.

खरी गंमत बर्टनच्या पाण्यात आहे. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर आहे. चोपण जमीन सुधारण्यासाठी आपल्या भागातील शेतकरी टाकतात, तेच हे जिप्सम. त्यातील कॅल्शियममुळे मोड आणून वाळवलेल्या सातूतील स्टार्चची साखर होण्यास मदत होते व बीअर नितळ राहते, तर सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा लागतो. लंडनच्या पाण्यात हा गुण नव्हता. पुढे इतर गावांतील ब्रुअरी आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम मिसळू लागल्या.

विल्यम बास यांनी 1777 मध्ये बर्टनलाच ब्रुअरी काढली होती. ऑल्सॉपांपाठोपाठ बासही या व्यापारात उतरले आणि काही वर्षांतच दोघांनी हॉजसनांना मागे टाकले. 1839 मध्ये बर्टनला रेल्वे आल्यावर पिंपे बंदरापर्यंत नेणे सोपे झाले. बासचा लाल त्रिकोण 1 जानेवारी 1876 रोजी ब्रिटनमधील पहिले व्यापारचिन्ह म्हणून नोंदला गेला. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या 1882 च्या पॅरिसमधील मद्यगृहाच्या चित्रातही तो बाटलीवर दिसतो. 2000 मध्ये बासचा बीअरनिर्मितीचा व्यवसाय इंटरब्रू या बेल्जियन कंपनीने विकत घेतला.